नॅसकार नव्याने बघतेय: शब्द समजावून सांगाल का?

चैत्रपालवी
मंडळी, नोकरीनिमित्त आम्ही नुकतेच नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लटला राहायला आलो. फॉर्म्युला वन मी कॉलेजपासून बघते, त्यामुळे पोल पोझिशन, पिटस्टॉप वगैरे मला नवीन नाही. पण इथे सोमवारी ऑफिसात जेवणाच्या टेबलावर नॅसकारचं, म्हणजे इथल्या स्टॉक कार शर्यतींचं, जे बोलणं चालतं त्यातलं निम्मं डोक्यावरून जातं. "पहिल्या स्टेजला गाडी लूज होती, वेज घातलं तर टाइट झाली, शेवटी लकी डॉग मिळाला म्हणून वाचला." सगळे माना डोलावतात, मीही डोलावते.

मे अखेरीच्या कोका-कोला ६०० या इथल्या शर्यतीची तिकिटं हातात आहेत. माझी यादी अशी: लूज, टाइट, वेज, ड्राफ्ट, प्लेट, बिग वन, लकी डॉग, स्टेज, स्पॉटर. व्याख्या शोधून वाचल्या, पण समोर गाड्या पळत असताना नेमकं कुठे बघायचं ते त्यातून कळत नाही. मैदानात बसून बघितलेल्यांनी सांगा ना. "नुसत्या गोल गोल तर फिरतात" हे नवऱ्याचं मत आहे, त्यालाही हा धागा वाचायला देणार आहे.

शेवटचा_बाक
डावीकडे वळा, सरळ जा, परत डावीकडे वळा. ४०० वेळा. नवऱ्याला सांगा, एवढ्या अंतरात एकदाही रस्ता चुकायची भीती नसलेला हा एकमेव प्रवास आहे :)
वाचतोय. मलाही शिकायचंय.

जुनाजाणता
चैत्रपालवी, तुझ्या यादीतले पहिले दोन शब्द पक्के कर. बाकीचे त्यांच्या मागोमाग येतात.

गाडी टाइट आहे म्हणजे स्टिअरिंग वळवलं तरी पुढची चाकं ऐकत नाहीत आणि गाडी बाहेरच्या भिंतीकडे सरकत राहते. लूज म्हणजे उलट. पुढची चाकं वळतात, पण मागच्यांची पकड सुटते आणि शेपूट बाहेर फेकली जाते. तू फॉर्म्युला वनमध्ये अंडरस्टिअर आणि ओव्हरस्टिअर ऐकलं असशील, तेच हे. इथली जुनी माणसं नवख्याला एका वाक्यात सांगतात: टाइट गाडी नाकाने भिंतीला लागते, लूज गाडी पाठीने.

गंमत अशी की थोडीशी लूज गाडी बहुतेक वेळा जास्त वेगवान असते, कारण ती वळणात पटकन फिरते. पण तीच गाडी ताशी पावणेतीनशे-तीनशे किलोमीटर वेगात सलग तीन-चार तास सांभाळायची म्हणजे जिवावरचं काम. त्यामुळे ड्रायव्हर आणि क्रू चीफ (त्याच्या गाडीच्या चमूचा प्रमुख) यांचं रेडिओवरचं निम्मं संभाषण 'किती लूज चालेल' याच वाटाघाटीचं असतं. "वळणात शिरताना लूज, मधे टाइट, बाहेर पडताना परत लूज" असं एका वळणाचे तीन तुकडे करून सांगतात. क्रू चीफने तेवढ्यावरून पुढच्या पिटस्टॉपला, म्हणजे टायर-पेट्रोलसाठी गाडी थांबेल तेव्हा, काय बदलायचं ते ठरवायचं.

वेज इथे येतं. पिटमध्ये एक जण मागच्या काचेतल्या भोकातून लांब पाना घालून फिरवताना दिसेल. त्याने स्प्रिंगवरचा दाब बदलतो आणि चार चाकांवरचं वजन तिरकं हलतं. पुढचं उजवं आणि मागचं डावं या जोडीवर भार वाढवला की गाडी टाइट होते, कमी केला की लूज. पान्याच्या एका फेरीनेही फरक जाणवतो. टायरमधली हवा थोडी कमी-जास्त करणं हा दुसरा उपाय.

तुमच्या ६०० मध्ये हे फार सुंदर दिसतं. शर्यत संध्याकाळी उन्हात सुरू होते आणि रात्री दिव्यांच्या उजेडात संपते. डांबर थंड होत जातं तशी पकड वाढते आणि उन्हात बरोबर असलेली गाडी अंधार पडल्यावर टाइट होऊ लागते. पहिल्या तासात सगळ्यांना मागे टाकणारा शेवटी दहावा का, याचं उत्तर बरेचदा एवढंच असतं. संध्याकाळच्या उन्हात कोण जिंकतोय याने हुरळून जाऊ नकोस.

मोनॅको
समजावून छान सांगितलंय, पण माझं मत नोंदवतो. ओव्हलवर, म्हणजे अशा लंबगोल ट्रॅकवर, ड्रायव्हरपेक्षा गाडी आणि नशीबच जास्त. कोणी वीस सेकंद पुढे गेला की कुठेतरी पिवळा झेंडा (धोका आहे, वेग कमी करून रांगेत चला), सगळे परत एकमेकांना चिकटून उभे. त्यात २०१७ पासून शर्यतीचे तुकडे, म्हणजे स्टेज, पाडून प्रत्येक तुकड्याच्या शेवटी ठरवून पिवळा झेंडा. कमावलेली आघाडी अशी पुसून टाकायची हे मला खेळाच्या दृष्टीने पटत नाही.

रानजाई
@मोनॅको, स्टेजबद्दल अर्धी सहमत. तुकड्याच्या शेवटी पहिल्या दहांना गुण मिळतात, त्यामुळे सुरुवातीपासून कोणी आळसावत नाही, हा फायदा मात्र खरा. कौशल्याबद्दल अजिबात सहमत नाही.

डार्लिंग्टनचंच बघा. साउथ कॅरोलायनातला हा ट्रॅक १९५० चा. ज्याच्याकडून जमीन घेतली त्याचं शेजारी माशांचं तळं होतं आणि ते हलवायचं नाही अशी त्याची अट होती. म्हणून एका टोकाची वळणं आवळून घ्यावी लागली आणि ट्रॅक अंड्याच्या आकाराचा झाला. परिणाम असा की एका टोकाला बरोबर बसवलेली गाडी दुसऱ्या टोकाला चुकीची असते. जुनाजाणता यांनी सांगितलेलं लूज-टाइट तिथे प्रत्येक फेरीत दोनदा बदलतं आणि ते ड्रायव्हरने हातापायांनी निस्तरायचं असतं. वेगवान रेघ भिंतीला इतकी खेटून जाते की गाडीची उजवी बाजू घासतेच. त्या ओरखड्याला डार्लिंग्टन स्ट्राइप म्हणतात आणि तो कोणाला लाजिरवाणा वाटत नाही.

यादीत नसलेले दोन शब्द घाला, चैत्रपालवी. ग्रूव्ह म्हणजे ट्रॅकवरची पकड असलेली रेघ. गाड्या तिथून गेल्यामुळे रबर बसतं आणि ती काळी दिसू लागते. मार्बल्स म्हणजे टायरच्या झिजलेल्या रबराचे कण, ते वरच्या बाजूला साचतात. त्यांच्यावर चाक गेलं की पकड गेली. शर्यत पुढे सरकते तशी ग्रूव्हही वर-खाली सरकते. कोण सगळ्यात आधी नवी रेघ शोधतो ते बघायला मला फार आवडतं.

चैत्रपालवी
@जुनाजाणता काका, नवऱ्याने तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. "मग हे रेडिओवरचं बोलणं आपल्याला ऐकता येतं का?" असं विचारतोय.

जुनाजाणता
येतं की. मैदानावर स्कॅनर भाड्याने मिळतो. तू ज्याला बघायचं ठरवशील त्याचा चॅनेल लाव. त्यावर तिसरा आवाज ऐकू येईल तो स्पॉटरचा. तो मैदानाच्या सगळ्यात उंच छपरावर उभा असतो. ड्रायव्हरचं डोकं सीट आणि हेल्मेटच्या आधारात जखडलेलं असतं, शेजारी कोण आलंय ते त्याला नीट दिसत नाही. म्हणून स्पॉटर सतत बोलत असतो. आत कोणी आहे, बाहेर कोणी आहे, तिघे शेजारी शेजारी आहेत, आता मोकळं. ते 'क्लिअर' ऐकल्यावरच ड्रायव्हर रेघ बदलतो. पुढे अपघात होऊन धुराचा पडदा झाला की खालून जायचं की वरून, तेही स्पॉटरच सांगतो आणि ड्रायव्हर त्याच्या भरवशावर धुरात शिरतो. हा विश्वास ऐकण्यासारखा असतो.

पाना_पक्कड
कोल्हापुरातून लिहितोय. नॅसकार फक्त यूट्यूबवर बघितलंय, पण आमच्याकडे कार्टिंगचा ट्रॅक आहे आणि तिथे मी मेकॅनिकचं काम केलंय, म्हणून बोलतो.

कार्टला मागे डिफरन्शियल नसतं. दोन्ही चाकं एकाच सळईवर, एकाच गतीने फिरतात. वळताना आतलं मागचं चाक थोडं उचललं गेलं तरच कार्ट वळतं. नाही उचललं की सरळ जायला बघतं, म्हणजे तुमचं टाइट. उपाय तोच, वजन तिरकं हलवायचं. पोरं "भावा, गाडी वळंना" म्हणत आली की आम्ही पाना घेऊन तेच करायचो. वेजचा परिच्छेद वाचून लई बरं वाटलं.

अपेक्स
वेज झालं, आता ड्राफ्ट आणि प्लेट मी घेतो.

एस्टीच्या मागे स्कूटर लावून हायवेने गेलेल्यांना ड्राफ्ट अंगाने माहीत आहे. पुढचं वाहन हवा कापतं, मागच्याला तीच गती कमी ताकदीत मिळते. १९६० च्या डेटोना ५०० या शर्यतीत ज्युनिअर जॉन्सनची शेव्हरले समोरच्या पाँटिॲकांपेक्षा हळू होती. सरावात त्याच्या लक्षात आलं की पाँटिॲकच्या मागच्या बंपरला चिकटून राहिलं तर आपण मागे पडत नाही. त्याच युक्तीने तो शर्यत जिंकला.

ओव्हलवर आणखी एक गोष्ट होते. दोन गाड्या चिकटून गेल्या तर दोघीही एकटीपेक्षा जास्त वेगाने जातात, कारण पुढच्या गाडीच्या मागे होणारी ओढ मागची गाडी कमी करते. म्हणून डेटोना (अडीच मैल, वळणाचा उतार ३१ अंश) आणि टॅलाडेगा (२.६६ मैल, ३३ अंश) इथे गाड्या रांगा करून धावतात आणि एकटा बाहेर पडलेला मागे फेकला जातो. पुढे जायला तिथे मित्र लागतो, आणि तो मित्र शेवटच्या फेरीपर्यंतच मित्र असतो.

प्लेटचा इतिहास गंभीर आहे. १९८७ मध्ये टॅलाडेगाला बिल एलियटने ताशी २१२.८०९ मैल, म्हणजे सुमारे ३४२ किलोमीटर वेगाने पात्रता फेरी काढली. त्याच शर्यतीत बॉबी ॲलिसनचा टायर फुटला, गाडी हवेत उडून प्रेक्षकांसमोरच्या जाळीवर आदळली, जाळी फाटली, प्रेक्षक जखमी झाले. गाडी आत गेली असती तर काय झालं असतं, या विचाराने १९८८ पासून या दोन ट्रॅकवर इंजिनात जाणारी हवा कमी करणारी, भोकं पाडलेली धातूची प्लेट बसवली. हवा कमी, ताकद कमी, वेग कमी. २०१९ पासून प्लेटऐवजी निमुळत्या भोकांचा स्पेसर असतो, पण लोक अजून प्लेट रेसिंगच म्हणतात.

ताकद कमी केल्यावर सगळ्या गाड्या सारख्याच वेगाच्या झाल्या आणि वीस-तीस गाड्यांचा घोळका तयार झाला. त्यात एक चुकला की मागच्या पंधरा-वीस जणांना थांबायला जागाच नाही. तो बिग वन. वेग आवरायला आणलेल्या उपायातून तो जन्मला, हे मला आजही अस्वस्थ करतं.

मोनॅको
@अपेक्स, शेवटच्या वाक्याला पूर्ण अनुमोदन. मग हा ड्राफ्ट शार्लटलाही चालतो का?

अपेक्स
सरळ पट्ट्यावर थोडा. वळणात उलटा परिणाम होतो. दीड मैलाच्या ट्रॅकवर गाडीला जमिनीवर दाबून ठेवायला स्वच्छ हवा लागते. पुढच्या गाडीने घुसळलेली हवा मिळाली की नाकावरचा दाब जातो आणि गाडी टाइट होते. आलं ना फिरून तिथेच? म्हणून एखादा मागून भराभर येतो आणि पुढच्याच्या दोन गाड्या मागे येऊन अडकतो. वेग असूनही पुढे का जात नाही, असा प्रश्न पडला की हे आठवा.

शेवटचा_बाक
लकी डॉगचं कोणी बोलेना. मी त्याचीच वाट बघतोय.

रानजाई
घ्या. पिवळा झेंडा लागला की, एक किंवा जास्त फेऱ्या मागे पडलेल्यांमध्ये जो सगळ्यात पुढे असेल त्याला एक फेरी परत मिळते. अधिकृत नाव फ्री पास. हा नियम २००३ मध्ये आला. त्याआधी पिवळा झेंडा लागल्यावरही समाप्तीच्या रेघेपर्यंत शर्यत चालू असायची आणि मागे पडलेले आपली फेरी वाचवायला जिवाच्या आकांताने पळायचे. इकडे ट्रॅकवर अपघातग्रस्त गाडी आडवी पडलेली! त्याच वर्षी न्यू हॅम्पशायरला डेल जॅरेटची गाडी अशीच वाटेत अडकली होती आणि बाकीचे तिच्या बाजूने वेगाने येत होते. लगेच ही पद्धत बंद केली. झेंडा लागताक्षणी क्रम गोठवायचा, आणि फेरी परत मिळवायची जी वाट बंद झाली तिच्या बदल्यात एकाला सवलत.

मोनॅको
म्हणजे मागे पडल्याचं बक्षीसच.

रानजाई
पंक्चर झालं म्हणून फेरी गमावलेल्या चांगल्या ड्रायव्हरला परत लढायची संधी, असं मी म्हणेन. आणि ती जागा मिळवायलाही झगडावं लागतं. मागे पडलेल्या गाड्यांमध्ये कोण पुढे, याची वेगळी शर्यत तिथे चालू असते. टीव्हीवर ती क्वचित दिसते, मैदानात बसलात तर नक्की बघा.

जुनाजाणता
सुरक्षिततेचा विषय निघालाच आहे म्हणून. १८ फेब्रुवारी २००१, डेटोना ५०० ची शेवटची फेरी. डेल अर्नहार्ट भिंतीवर आदळला. बघताना तो अपघात मोठा वाटलाच नाही, त्याहून भयंकर आपटलेली माणसं चालत बाहेर आलेली आम्ही पाहिली होती. नॅसकारचं अजिंक्यपद सात वेळा जिंकलेला हा माणूस त्यात गेला. मी तेव्हा या देशात नवा होतो. दुसऱ्या दिवशी कारखान्यात कोणी कोणाशी बोलत नव्हतं.

त्याच वर्षी हॅन्ससारखं मान आणि डोकं धरून ठेवणारं उपकरण सक्तीचं झालं. २००२ मध्ये इंडियानापोलिसला धक्का शोषणारी सेफर भिंत आली आणि मग ती सगळीकडे पसरली. आज गाड्या उलट्यापालट्या होतात आणि ड्रायव्हर जाळी खाली करून हात हलवतो. खिडकीची ती जाळी खाली पडली म्हणजे 'मी ठीक आहे'. अपघात झाला की आधी तिकडे बघ.

वळणावळणाने
उशिरा आलो. मोनॅको यांच्या 'ड्रायव्हरपेक्षा गाडी' या मुद्द्यावर एक नाव: रॉस चॅस्टेन.

३० ऑक्टोबर २०२२, मार्टिन्सव्हिल, अर्ध्या मैलाचा चपटा ट्रॅक. शेवटची फेरी, चॅस्टेन दहावा. अजिंक्यपदासाठी लढणाऱ्या अंतिम चौघांत जायला गुण कमी पडत होते. त्याने शेवटच्या दोन वळणांत गाडी सरळ भिंतीला लावली, वरचा गिअर टाकला, ॲक्सिलरेटर दाबून धरला आणि भिंतीच्या आधाराने वळण घेतलं. पाच गाड्या मागे टाकल्या. फेरीची वेळ १८.८४५ सेकंद, त्या ट्रॅकवरची तोवरची सगळ्यात वेगवान. डेनी हॅमलिन बाहेर, चॅस्टेन आत. घरचा व्यवसाय कलिंगडाच्या शेतीचा असल्याने इथल्या लोकांनी या युक्तीला लगेच 'हेल मेलन' नाव दिलं ('हेल मेरी', म्हणजे शेवटचा जिवावर उदार डाव, त्यावरून). पुढच्या मोसमापासून असं केल्यास दंड, हेही नंतर ठरलं.

मोनॅको
हे बघितलंय. या माणसाचं काळीज मानतो. वाद मात्र संपलेला नाही!

जुनाजाणता
चैत्रपालवी, तू शार्लटमध्येच आहेस म्हणून थोडं अवांतर. नॅसकारची मुख्य मालिका, आज जिला कप सिरीज म्हणतात, तिची पहिली शर्यत तुझ्याच गावात झाली, १९ जून १९४९, मातीच्या ट्रॅकवर. आताचा स्पीडवे नंतरचा, १९६० चा. नियम होता की गाडी दुकानातून आणलेली असेल तशीच पळवायची. स्टॉक ते यासाठीच. ग्लेन डनवे पहिला आला, पण तपासणीत त्याच्या फोर्डच्या मागच्या स्प्रिंगमध्ये फेरफार सापडला. ती गाडी चोरट्या दारूची वाहतूक करणारी होती. डिकीत माल भरला तरी मागून बसू नये आणि डोंगरातल्या वळणांवर पोलिसांच्या हाती लागू नये, म्हणून स्प्रिंग कडक केलेली. डनवे बाद झाला आणि कॅन्ससहून आलेला जिम रोपर विजेता ठरला. त्या शर्यतीत सेरा ख्रिश्चन ही महिला ड्रायव्हरही उतरली होती. ज्युनिअर जॉन्सनही त्याच दारूच्या धंद्यातून आला, तुरुंगातही जाऊन आला. १९८६ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी त्याला माफी दिली.

पाना_पक्कड
पहिल्याच शर्यतीत स्प्रिंगवरून बाद! म्हणजे मेकॅनिकचं डोकं या खेळात पहिल्या दिवसापासून आहे. काका, पिटस्टॉपचंही लिहा की.

अपेक्स
काकांच्या वतीने मी. पिटची भिंत ओलांडून पाच जण येतात: दोन टायर बदलणारे, एक टायर आणणारा, एक जॅकवाला, एक पेट्रोलवाला. फॉर्म्युला वनमध्ये वीसेक माणसं गाडीभोवती उभी असतात. इथे पाचांनी आधी उजवी बाजू, मग पळत जाऊन डावी बाजू करायची. २०२२ च्या नव्या गाडीपासून चाकाला मधोमध एकच नट आला, आधी पाच होते. आता चार टायर दहा सेकंदांच्या आसपास होतात. पेट्रोल खांद्यावरच्या कॅनमधून, कोणताही पंप नाही. जॅकवाल्यावर नजर ठेवा. त्याने जॅक सोडला की ड्रायव्हर निघतो.

चैत्रपालवी
किती सुंदर लिहिताय सगळे! माझी यादी जवळपास संपली. शेवटचा प्रश्न: शर्यत ४०० फेऱ्यांची आहे असं लिहिलंय, पण कलीग म्हणाला की "चारशेच्या पुढेही जाऊ शकते." असं कसं?

रानजाई
ओव्हरटाइम. शेवटी शेवटी अपघात झाला तर पिवळ्या झेंड्याखाली रांगेत फिरत शर्यत संपू नये म्हणून. सगळं साफ झालं की हिरवा झेंडा, एक फेरी, पांढरा झेंडा म्हणजे शेवटची फेरी, आणि मग चौकटींचा. कप सिरीजमध्ये २००४ पासून. पांढरा झेंडा लागण्याआधी पुन्हा कोणी आपटलं तर पुन्हा पहिल्यापासून.

अशा वेळी पुढच्यांपुढे अवघड पेच असतो. नवे टायर घ्यायला पिटमध्ये जायचं की जुन्यावर पुढे राहायचं? चार घ्यायचे की वेळ वाचवायला फक्त उजवे दोन? पहिल्याने जो निर्णय घेतला त्याच्या उलट करायचं, असं मागचे बरेचदा ठरवून असतात. तेव्हा पिटच्या तोंडाशी बघा, ट्रॅककडे नको.

आणि एक. दुसरी स्टेज संपली की सगळ्या गाड्या पिट रोडवर येऊन इंजिनं बंद करतात. मेमोरियल डेचा शनिवार-रविवार असतो, युद्धात गेलेल्या सैनिकांसाठी स्तब्धता पाळतात. प्रत्येक गाडीच्या काचेवर ड्रायव्हरच्या नावाच्या जागी त्या दिवशी एका सैनिकाचं नाव असतं. तेव्हा जागेवर उभे राहा, खायला आणायला जाऊ नका.

जुनाजाणता
स्कॅनर दोन हेडफोनांचा घ्या, नाहीतर भांडण. कानात बोळे घालून वरून हेडफोन लावा, आवाज सहन होण्यापलीकडचा असतो. जागा निवडायची संधी मिळाली तर जितकी वर तितकी चांगली, खाली बसलं की समोरचा पट्टा सोडून काही दिसत नाही. ड्रायव्हर तुझा तू निवड, पण पहिल्यांदा पंधराव्या-विसाव्या क्रमांकावरचा एखादा निवड आणि सगळी शर्यत त्यालाच ऐक. गाडी कशी लूज होते, कशी सुधारतात, फेरी कशी जाते, परत कशी मिळते, सगळं एकाच माणसाकडून कळेल.

चैत्रपालवी
ठरलं. नवऱ्याने रॉस चॅस्टेन निवडलाय, पहिल्या पाचात असला तरी तोच म्हणे. परत आल्यावर इथेच लिहिते.